‘ॲप चालत नाही’: तपासणी कागदाच्या नोंदी, रामबाग, इंदूर

प्रकल्प: रामबाग आणि आसपासच्या मराठी घरांसाठी रविवारी सकाळी लागणारं मोबाइल मदत टेबल. काम: टेबलावर बसणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी पाठपोट छापलेला एक कागद. विषय एवढाच की व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम फोनवर बसत नाही, किंवा बसूनही चालत नाही, तर कुठे बघायचं.

१ जून २०२५, रविवार

कागद ॲपच्या नावांप्रमाणे लावायचा नाही, टप्प्यांप्रमाणे लावायचा, असं ठरलं. ॲप उतरतं, मग बसतं, मग उघडतं, मग नंबर किंवा खातं जोडलं जातं, आणि शेवटी रोजचं चालणं. तक्रार मात्र सगळ्या टप्प्यांसाठी एकच येते, ‘व्हॉट्सॲप बंद पडलंय’. म्हणून पहिला प्रश्न तोंडपाठ करायचा: “काकू, स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं ते आहे तसं दाखवा, तोवर काही दाबू नका.” बहुतेक लोक तो संदेश वाचण्याआधीच ओके दाबून मोकळे होतात. संदेश निघून गेला असेल तर तीच गोष्ट पुन्हा करायला लावायची आणि त्याचा स्क्रीनशॉट काढायचा.

दुसरा नियम कागदाच्या माथ्यावर ठळक हवा: अनइन्स्टॉल सगळ्यात शेवटी. फेसबुक-इन्स्टाग्रामचं एक वेळ चालून जाईल, पासवर्ड आठवत असला की खातं जसंच्या तसं परत येतं. व्हॉट्सॲपच्या गप्पा मात्र फोनमध्ये असतात. बॅकअप झालेला नसेल तर ॲप काढताना त्याही जातात, आणि घरचे ‘आधी डिलीट करून बघ’ हाच सल्ला सगळ्यांत आधी देतात.

म्हणून काहीही काढण्याआधी व्हॉट्सॲप → सेटिंग → चॅट्स → चॅट बॅकअप इथली तारीख बघायची. ती जुनी असेल तर बॅकअप का अडला ते आधी शोधायचं. पुष्कळदा गूगलची जागा भरलेली असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जातो, आणि त्याच १५ जीबीत जीमेल आणि फोटोही असतात. तात्पुरता उपाय म्हणजे बॅकअपमधून व्हिडिओ वगळायचे, मेसेज-फोटोंचा बॅकअप आटोपशीर होतो. तेही जमत नसेल तर फोनमधला ‘व्हॉट्सॲप’ नावाचा पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. त्यात डेटाबेसच्या फोल्डरमध्ये रात्री दोनच्या सुमारास आपोआप झालेल्या, गेल्या सात दिवसांपर्यंतच्या प्रती असतात. टेबलावर टाइप-सी आणि जुनी मायक्रो, अशा दोन्ही पिनांचे ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायची छोटी जोडपिन) ठेवायचे. जेल रोडवर सहज मिळतात.

बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला आहे का, हेही विचारायचं. तो किंवा त्याची ६४ आकडी किल्ली हरवली असेल तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही.

४ जून

टप्पा पहिला: उतरत नाही.

‘डाउनलोड पेंडिंग’ हा सगळ्यांत निरुपद्रवी संदेश. प्ले स्टोअर एकामागून एक ॲप अद्ययावत करत बसलेलं असतं आणि आपलं ॲप रांगेत असतं. वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबून ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’मध्ये जायचं, चालू असलेले अपडेट थांबवायचे, आपलं ॲप पुन्हा लावायचं. तिथून बाहेर पडण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड फक्त वायफायवर ठेवलं आहे का बघायचं. घरात वायफाय नाही आणि ही खूण लागलेली आहे, असे फोन मुलांनी सेट करून दिलेले असतात.

तरीही रांग हलत नसेल तर फोनच्या सेटिंग → ॲप्स → गूगल प्ले स्टोअर → स्टोरेज → क्लिअर कॅश (कॅश म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला माल). मग तेच गूगल प्ले सर्व्हिसेससाठी, आणि फोन बंद-चालू. फक्त कॅश. ‘क्लिअर डेटा’ शेजारीच असतं, प्ले स्टोअरसाठी ते चालतं, पण व्हॉट्सॲपच्या पानावर चुकून तेच बटण दाबलं गेलं तर अनइन्स्टॉल केल्यासारखंच होतं. कागदावर या जागी लाल चौकट हवी.

रोजचा डेटा संपलेला असणं हे कारण लोकांना पटत नाही, कारण वर फोरजीचं चिन्ह दिसत असतं. दिवसाचा दीड किंवा दोन जीबी संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ६० एमबीचं ॲप त्या वेगाने उतरवायला दोन तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ जोडणी टिकत नाही. मेसेज मात्र रडतखडत जातात, म्हणून ‘नेट चालू आहे’ असं वाटतं. ओळखायची खूण: मजकूर जातो, फोटो फिरत राहतो.

दोन सिमचे फोन: डेटा कुठल्या सिमवर लावलाय ते पहिल्या मिनिटात बघायचं. रिचार्ज एका सिमवर आणि डेटा दुसऱ्यावर, ही जोडी नेहमीची. २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांचे दर वाढल्यावर बीएसएनएलकडे नंबर नेलेल्यांत आणखी एक गोष्ट सापडते. ॲक्सेस पॉइंटचं नाव (सिमच्या सेटिंगमधलं, ज्यावरून नेट जोडलं जातं ते) आपोआप बदललेलं नसतं, तिथे ‘बीएसएनएलनेट’ असं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकावं लागतं.

८ जून, रविवार

जागा. हा विषय कागदावर अर्धं पान घेणार, कारण १६ आणि ३२ जीबीचे फोन अजून पुष्कळ आहेत.

अँड्रॉइड जागा कमी असल्याची सूचना साधारण ५०० एमबीच्या खाली द्यायला लागतं (एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांतलं जे कमी असेल ते). पण ५०० एमबी रिकामे असले म्हणजे १०० एमबीचं ॲप बसेल, असा हिशेब करून चालत नाही. फाइल उतरते ती एक प्रत, ती उलगडून बसते ती दुसरी, आणि फोन ती आपल्यासाठी तयार करून ठेवतो ते तिसरं. अपडेटच्या वेळी जुनं ॲपही तोवर जागेवरच असतं. आपला टेबलावरचा आकडा: किमान १ जीबी मोकळा करूनच पुन्हा प्रयत्न करायचा.

मोकळं कुठून करायचं, त्याचा क्रम. पहिलं, गॅलरीतला कचऱ्याचा डबा. डिलीट केलेले फोटो बऱ्याच फोनमध्ये ३० दिवस तिथेच पडून असतात, माणसाला वाटतं जागा झाली, झालेली नसते. दुसरं, व्हॉट्सॲप → सेटिंग → स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज. इथे ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. सुप्रभाताचे व्हिडिओ इथेच सापडतात, आणि ते पुसायला सहसा कुणाची हरकत नसते. तिसरं, इन्स्टाग्राम-फेसबुकची कॅश. मेमरी कार्डाकडे जायचंच नाही. कार्डावर ॲप हलवलं आणि कार्ड हललं की ‘ॲप सापडत नाही’ ही नवी तक्रार तयार होते. फोटो कार्डावर, ॲप फोनमध्ये.

अगदी लहान फोनसाठी फेसबुक लाइट सुचवायचं. मेसेंजर लाइटचं नाव घ्यायचं नाही, ते २०२३ मध्येच बंद झालं.

११ जून

टप्पा दुसरा: उतरतं, बसत नाही. इथे संदेशाचा शब्द न् शब्द महत्त्वाचा.

‘पॅकेज कॉन्फ्लिक्ट्स विथ ॲन एक्झिस्टिंग पॅकेज’: त्याच नावाचं ॲप फोनमध्ये आधीच आहे, पण सही वेगळी. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि वेगळ्या सहीचं ॲप जुन्याच्या डोक्यावर बसू शकत नाही. असं होतं ते बहुतेक वेळा कुणीतरी दिलेल्या बदललेल्या व्हॉट्सॲपमुळे, ज्यात ‘ब्लू टिक लपवा’ वगैरे सोयी असतात. गंमत अशी की चिन्ह काढून टाकल्यावरही हाच संदेश येऊ शकतो. कारण ‘ड्युअल ॲप्स’ किंवा ‘सेकंड स्पेस’मध्ये (एकाच फोनवर ॲप दोनदा वापरायची सोय) त्याची दुसरी प्रत राहिलेली असते. आधी तिथून काढायचं, मग प्ले स्टोअर.

बदललेल्या व्हॉट्सॲपवर ‘तात्पुरती बंदी’ची पाटी आणि उलटी मोजणी दिसत असेल तर घाई करायची नाही. शक्य असेल तर आधी गप्पांची प्रत काढायची, मोजणी संपू द्यायची, आणि त्यानंतर अधिकृत ॲपच बसवायचं.

‘प्रॉब्लेम पार्सिंग द पॅकेज’: एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप ज्यातून बसतं ती) अर्धवट उतरली आहे, किंवा फोनमधल्यापेक्षा नव्या अँड्रॉइडसाठी बनली आहे. शेजाऱ्याच्या फोनमधून ब्लूटूथने आणलेली एपीके तर आणखी फसवी. हल्ली प्ले स्टोअर एकच गठ्ठा न देता त्या-त्या फोनच्या स्क्रीनसाठी, प्रोसेसरसाठी, भाषेसाठी वेगवेगळे तुकडे देतं. शेजाऱ्याकडून फक्त मुख्य तुकडा येतो. तो बसत नाही, किंवा बसून उघडताच बंद पडतो.

अगदी जुन्या एपीके नव्या फोनवर चालत नाहीत, तेही याच चौकटीत. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या व्यवस्थेसाठी बनवलेली ॲप अँड्रॉइड १४ बसवूच देत नाही.

टिकटॉक, हेलो, लाइकी, शेअरइट: २९ जून २०२० च्या आदेशाने बंद झालेल्या ५९ ॲपपैकी ही. जुन्या फोनवर चिन्ह अजून दिसतं, आत काही उघडत नाही. दुरुस्तीचा प्रश्नच नाही. बाहेरून एपीके आणून बसवण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणायचं.

१५ जून, रविवार

फोनचं वय. हा भाग कागदावर छोटा, पण बोलताना सगळ्यांत जड. फोन धडधाकट असतो आणि तरी ‘युअर डिव्हाइस इजन्ट कम्पॅटिबल’ (हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही) येतं.

जून २०२५ मधली स्थिती: व्हॉट्सॲपला अँड्रॉइड ५.० किंवा पुढचं लागत होतं. आयफोनवर ५ मे २०२५ पासून आयओएस (आयफोनची स्वतःची व्यवस्था) १५.१ किंवा पुढचं लागतं. त्यामुळे आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस बाद, कारण ते आयओएस १२ च्या पुढे जात नाहीत. आयफोन ६एस आणि ७ मात्र आयओएस १५ पर्यंत जातात, त्यांना आधी अपडेट करून बघायचं, परत पाठवायचं नाही. ॲप स्टोअर जुन्या आयफोनला ‘शेवटची चालणारी आवृत्ती’ देऊ करतं, पण व्हॉट्सॲपच्या आवृत्त्यांना मुदत असते. मुदत संपली की ॲप उघडून अपडेट मागतं आणि अपडेट तर मिळत नाही. बटणांच्या जिओफोनवर व्हॉट्सॲप २०२४ च्या जूनपासून नव्याने घेता येत नाही.

अँड्रॉइड ४.४ वर गूगलने प्ले सर्व्हिसेसच्या सुधारणा २०२३ मध्येच थांबवल्या, म्हणजे तिथे प्ले स्टोअरचाच भरवसा नाही.

एक वेगळी लक्षणं दाखवणारा गट: अँड्रॉइड ७.० आणि त्याआधीचे फोन. ॲप चालतं, पण त्यात आलेल्या काही लिंक ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. संकेतस्थळ खरं आहे हे फोनला पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं असतात. अनेक संकेतस्थळं ती लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची वापरतात, त्यांचं नवं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये आलं, आणि जुन्या फोनसाठी केलेली सोय २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं बाळगतो, लिंक त्यात उघडून बघायची.

१८ जून

तारीख-वेळ. एका ओळीचा उपाय असला तरी कागदावर वरच्या तिघांत ठेवायचा. बॅटरी पूर्ण उतरलेला जुना फोन चालू केला की घड्याळ कधी कधी काही वर्षं मागे जातं. सुरक्षित जोडणीत प्रत्येक प्रमाणपत्राला ‘इथपासून इथपर्यंत’ अशी मुदत असते. फोनच्या मते आज २०१५ असेल तर सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची असतात. प्ले स्टोअर नुसतं ‘रिट्राय’ म्हणतं, व्हॉट्सॲप निदान स्पष्ट सांगतं की तारीख चुकली आहे. घड्याळ पुढे गेलं असेल तर उलट, व्हॉट्सॲप म्हणतं की आवृत्तीची मुदत संपली, आणि लोक अपडेट शोधत बसतात. सेटिंग → तारीख आणि वेळ → ऑटोमॅटिक, टाइम झोन भारत.

२२ जून, रविवार

टप्पा तिसरा: उघडताच बंद पडतं, किंवा पांढरं पान.

पहिला संशय अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यूवर. ॲपच्या आतली वेब पानं दाखवण्याचं काम हा घटक करतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्याच एका अपडेटमुळे जीमेलसकट असंख्य ॲप जगभर बंद पडली होती, आणि ॲपमध्ये दोष काहीच नव्हता. प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम दोन्ही अद्ययावत करायचे. जागा वाचवायला कुणी ते ‘डिसेबल’ केले असतील तर पुन्हा चालू करायचे. त्यानंतर त्या ॲपची कॅश.

नेट असूनही ‘कनेक्टिंग’वर अडकलेले फोन: सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ (संकेतस्थळांचे पत्ते कुठल्या सर्व्हरला विचारायचे ते) बघायचं, अँड्रॉइड ९ पासून असतं. जाहिराती अडवायला कुणी तिथे नाव टाकून दिलेलं असतं. ते नाव पोचलं नाही की फोन दुसरी वाट शोधत नाही, सगळंच थांबतं. ही जोडणी ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (जोडणीच्या ठरावीक दारातून) जाते आणि काही वायफाय तो अडवतात, म्हणून घरी चालणारा फोन टेबलावरच्या वायफायवर मुका होतो. ‘ऑटोमॅटिक’ करायचं. व्हीपीएनही (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारं ॲप) इथेच तपासायचा.

आणि सगळ्यांचंच बंद असेल तर काही करायचं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास गायब होते, कारण कंपनीच्या जाळ्याकडे येणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले. ५ मार्च २०२४ ला रात्री फेसबुकने लोकांना खात्याबाहेर काढलं आणि पुष्कळांना खातं हॅक झालं असं वाटलं. कागदावर ओळ: शेजारच्या माणसाचं, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालतंय का ते आधी विचारा.

२५ जून

टप्पा चौथा: ओटीपी येत नाही.

नंबर टाकताना देश भारत, मग दहा आकडे, आधी शून्य नाही. सिमची वैधता संपलेली असेल तर काही दिवसांनी येणारे मेसेजही बंद होतात, रिचार्जशिवाय पुढे जाता येत नाही. मेसेजचा इनबॉक्स भरलेला, किंवा ओटीपी ‘स्पॅम’मध्ये पडलेला, हेही बघायचं.

न कळणारं कारण: नवं सिम. हरवलेलं, खराब झालेलं किंवा जुनं सिम बदलून घेतलं की पहिले २४ तास त्या नंबरवर मेसेजची सोय बंद ठेवली जाते, येणारे आणि जाणारे दोन्ही. सिम चोरून ओटीपी पळवणाऱ्यांना आळा म्हणून हा नियम आहे. फोन लागतो, नेट चालतं, ओटीपी मात्र येत नाही, आणि माणूस पुन्हा पुन्हा ‘रीसेंड’ दाबत राहतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक व्हॉट्सॲप थांबायची वेळ वाढवतं. म्हणून पहिला प्रश्न: “आजोबा, सिम कधी बदललं?” उत्तर ‘काल’ असेल तर फोन परत द्यायचा आणि उद्या दुपारी बोलवायचं. एरवी मेसेजऐवजी ‘कॉल मी’ निवडायचं.

ओटीपीनंतर सहा आकडी पिन मागितला तर तो बँकेचा नव्हे, व्हॉट्सॲपचाच दुहेरी सुरक्षेचा. विसरला असेल आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. दुसरा मार्ग नाही, कुणी सांगितला तर तो फसवतोय.

२९ जून, रविवार

टप्पा पाचवा: चालतं, पण मेसेज ॲप उघडल्यावरच येतात.

शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप मारली जातात. ॲप्स → व्हॉट्सॲप → बॅटरी → ‘नो रिस्ट्रिक्शन्स’, आणि जिथे असेल तिथे ‘ऑटोस्टार्ट’ चालू. ‘फोर्स स्टॉप’ केलेल्या ॲपला तर आपण स्वतः उघडेपर्यंत सूचना पोचतच नाहीत. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी ॲपला मागावी लागते, दोनदा नाही म्हटलं की ते पुन्हा विचारत नाही, सेटिंगमधूनच द्यावी लागते. नावांऐवजी नुसते नंबर दिसत असतील तर संपर्कांची परवानगी गेलेली आहे. संगणकावरचं व्हॉट्सॲप बाहेर पडलं असेल तर मुख्य फोन १४ दिवस वापरात नव्हता का, ते विचारायचं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

टेबल अर्धा वेळ. फॅक्टरी रीसेटबद्दल एकच चौकट लिहून झाली: गूगल खात्याचा पासवर्ड माणसाला येतो का, हे त्याच्याकडून दुसऱ्या फोनवर टाइप करून घेतल्याशिवाय रीसेट नाही. बटणं दाबून रीसेट केलेला फोन चालू होताना जुनंच खातं मागतो. ते नसलं तर फोन कुलूपबंद, आणि मग बिल घेऊन सेवा केंद्र गाठण्याखेरीज इलाज उरत नाही. बाजारात ‘सॉफ्टवेअर टाकून’ आणलेल्या फोनचं प्ले स्टोअर → सेटिंग → अबाउट इथे जाऊन ‘सर्टिफाइड’ लिहिलंय का ते बघायचं. नसेल तर पुढच्या तक्रारी ॲपच्या नाहीत.

१३ जुलै, रविवार

छपाईचा मसुदा पक्का. पुढच्या पानावर पाच टप्पे, प्रत्येकाखाली संदेशाचे शब्द आणि समोर पहिली कृती. मागच्या पानावर बॅकअप, जागा आणि सिमचे २४ तास. सेटिंगची नावं हिंदीतही द्यायची, कारण इथल्या निम्म्याशिम्म्या फोनची भाषा हिंदीच असते. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. तळाशी: इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नये, कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप बसवू नये, पैसे गेले तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). अँड्रॉइड-आयओएसच्या किमान आवृत्त्या छापील कागदात नकोत, त्या बदलतात. तिथे रिकामी रेघ सोडायची आणि पेन्सिलीने भरायची.